अष्टमातली युती

दाजीशास्त्री घैसासांनी आमचा नारळ परत केला.

माडवण्यात असं कधी झालं नव्हतं. दाजीशास्त्र्यांना पत्रिका दाखवायची तर नारळ न्यायचा, तो त्यांनी देवापुढे ठेवायचा आणि मग पत्रिका उघडायची, असा रिवाज होता. नारळ ठेवून घेतला की शास्त्रीबुवा बोलायला बांधले गेले. मग पत्रिकेत ग्रह कसेही बसलेले असोत, ते त्यातून वाट काढायचे. एका गृहस्थांना त्यांचा राहू त्यांनी असा काही समजावून सांगितला होता की ते गृहस्थ घरी जाताना राहूबद्दल आपुलकीनं बोलत होते.

आमचं काम तर अगदीच साधं होतं. माझं लग्न ठरलं होतं आणि आईला वैशाखातला मुहूर्त हवा होता. पत्रिका जुळवायचा प्रश्न नव्हता, कारण मुलगी मी स्वतःच पसंत केली होती, आणि आईनं ते मोठ्या मनानं मान्य केलं होतं. म्हणजे आधी जेवण टाकलं होतं, मग मान्य केलं होतं.

दाजीशास्त्र्यांनी माझ्या पत्रिकेची घडी उलगडली. कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "धनु लग्न," ते पुटपुटले आणि त्यांचं बोट एकेका घरावरून सरकू लागलं. आठव्या घरावर ते थांबलं ते तिथून हलेना.

"जन्म कुठला?" त्यांनी विचारलं.

"इथलाच की!" आईनं पदर सावरला. माझ्या जन्माची हकीकत सांगायची संधी तिला बऱ्याच वर्षांत मिळाली नव्हती. "स्वराज्यातली पहिली दिवाळी. हे तेव्हा इथल्या कचेरीत होते. दवाखान्यात दोनच खाटा. दोन्हीवर आम्ही दोघी कळा देतोय आणि नर्स एकटी. हिच्याकडे धाव, तिच्याकडे धाव. शेवटी दोघींची सुटका एकदमच झाली. कुणाचं आधी रडलं यावरनं नर्सबाई आणि आया मागाहून भांडत होत्या. माझ्या मते हाच आधी रडला. याला लहानपणापासून रडायची—"

"आई," मी म्हणालो.

"खरं तेच सांगतेय. शेजारची बिचारी फार चांगली होती हो. मला स्वतःचे डिंकाचे लाडू दिलेन. पुढे यांची बदली झाली आणि—"

"वेळ?" दाजीशास्त्र्यांनी विचारलं. 

"सकाळची. फराळाची वेळ झाली होती."

शास्त्रीबुवांनी पत्रिकेवरून नजर उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. आधी तोंडाकडे, मग हातांकडे, मग पायांकडे, मग पुन्हा तोंडाकडे. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो; वडील गेल्यावर त्या नोकरीनंच मला आणि आईला माडवण्यात परत आणलं होतं. इतकं निरखून माझ्याकडे आमच्या साहेबांनीही कधी पाहिलं नव्हतं, आणि ते तर माझा गोपनीय अहवाल लिहायचे.

मग ते उठले, देवघरात गेले, आमचा नारळ घेऊन बाहेर आले आणि त्यांनी तो आईच्या पुढ्यात ठेवला.

"मी हा मुहूर्त काढणार नाही. दुसऱ्या कुणाला विचारा." दाराकडे वळता वळता ते थांबले. "आणि वैशाखभर याला पाण्याजवळ जाऊ देऊ नका."

दार लावून घेतल्याचा आवाज आला. ओसरीवर आम्ही तिघं उरलो: आई, मी आणि नारळ.

वाटेत आई एक शब्द बोलली नाही. जन्मात पहिल्यांदाच मी तिला इतका वेळ गप्प पाहत होतो, आणि मी पहिल्यांदा घाबरलो तो त्या गप्पपणानं. मरणाचा योग दिसला तर चांगला ज्योतिषी तो तोंडानं सांगत नाही, दान-दक्षिणा घेत नाही, उठून जातो, हे तिला माहीत होतं. मलाही होतं. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नव्हतो, पण माहीत सगळ्या होत्या.

घरी आल्यावर तिनं नारळ फळीवर ठेवला आणि म्हणाली, "लग्न कार्तिकात करू."

"आई, कार्तिकापर्यंत मुलीकडचे थांबतील का?"

ते थांबणार नव्हते, हे तिलाही ठाऊक होतं. कुमुद करमरकर खाडीपलीकडच्या तिवरखोलची. रोज होडीनं येऊन माडवण्याच्या शाळेत शिकवायची. शाळेला नळजोड हवा म्हणून ती आमच्या कचेरीत आली, तिच्या अर्जात मी तीन वेळा त्रुटी काढल्या आणि त्या निमित्तानं आमची ओळख वाढली. नळ अजून यायचा होता. तिच्या वडिलांच्या, म्हणजे अप्पा करमरकरांच्या डोळ्यांपुढे पुण्याचा एक इंजिनिअर होता. मुलीचा हट्ट म्हणून त्यांनी मला होकार दिला होता, तोही "वैशाखात होत असेल तर" या बोलीवर. पावसाळ्यात होडी बंद. लग्न पुढे गेलं की इंजिनिअर पुढे सरकणार होता.

मुहूर्त शेवटी अप्पांनीच त्यांच्या उपाध्यायांकडून काढून घेतला आणि निरोप धाडला. दिवस भर वैशाखातला. शिवाय निरोपात एक वाक्य जास्त होतं: सीमांतपूजन धक्क्यावर होईल.

तिवरखोलची ती पद्धतच होती. गावाची शीव म्हणजे खाडीचा धक्का. नवरदेव होडीतून यायचा, पायरीवर उतरायचा, तिथंच त्याचे पाय धुवायचे आणि मग वाजतगाजत गावात न्यायचा. खाडीवर पूल मंजूर होता, पण तो बरीच वर्षं नुसता मंजूरच होता. पलीकडे जायला घाटातून एसटीचा लांबचा फेरा होता, पण त्यानं कोणी नवरदेव कधी गेला नव्हता.

ते ऐकल्यावर मी दुसऱ्याच दिवशी एकटा दाजीशास्त्र्यांकडे गेलो. त्यांचं घर टेकडीवर होतं, गावापासून जरा तुटकच. पूर्वी म्हणे ते खाडीकाठी राहायचे. तिथली जागा टाकून ते वर आले आणि पुन्हा कधी बंदराकडे फिरकले नाहीत. चांगला माशांचा वास सोडून टेकडीवर का गेले, असं कुणी विचारत नसे, कारण घैसास मासे खात नव्हते.

"शास्त्रीबुवा, मला खरं काय ते सांगा."

"तू घरी जा."

"माझं लग्न आहे. होडीतून जायचंय."

त्यांच्या हातातली पळी ताम्हनात पडली. "होडीतून?"

"तिवरखोलला."

मग त्यांनी जमिनीवर बोटानंच पत्रिका काढली. बारा घरं. आठव्या घरावर बोट टेकवलं. "हे आयुष्याचं घर. तुझ्या आयुष्याच्या घरात कर्क रास, पाण्याची. जन्माच्या वेळी तिथं शनी आणि मंगळ एकत्र होते. युती. शनी फार हळू चालतो. सगळ्या घरांतून फिरून आता पहिल्यांदा तो परत तिथं आलाय. मंगळही या वैशाखात तिथंच येतोय."

"म्हणजे काय होईल?"

"माझ्या तोंडून नको."

"ग्रंथात काय लिहिलंय?"

"ग्रंथात पुष्कळ काही लिहिलेलं असतं," ते एकदम चिडून म्हणाले. ग्रंथांवर चिडलेला ज्योतिषी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"अशी पत्रिका तुम्ही आणखी कुणाची पाहिलीय?"

"एक."

"त्याचं काय झालं?"

त्यांनी जमिनीवरची पत्रिका तळहातानं पुसली. आठवं घर त्यांनी दोनदा पुसलं. "जा तू," ते म्हणाले. "आणि पाण्याला जपून."

मी टेकडी उतरलो आणि बंदराची वाट टाळून घरी गेलो.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मी फारसं सांगू नये हे बरं. आणीबाणीचे दिवस होते, घाबरायची सवय सगळ्यांनाच होती, त्यामुळे माझं भिणं वेगळं दिसून आलं नाही. आमच्या खात्याचा पाण्याशी प्रत्यक्ष संबंध क्वचितच यायचा, तेवढी एक गोष्ट माझ्या पथ्यावर पडली. विहिरीवर आंघोळ करायचं मी सोडलं. आई ओट्याजवळ बादली आणून ठेवायची आणि मी आंघोळ करीपर्यंत दाराबाहेर उभी राहून "आहेस ना?" असं विचारत राहायची. मी "आहे" म्हणायचो. तांब्याभर पाण्यात माणूस बुडल्याचं ऐकिवात नव्हतं, पण माझ्यापासून सुरुवात होऊ नये असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

रात्री डोळा लागला की खाडी यायची. हिरवी, जाड, काठोकाठ. मी दचकून उठायचो आणि आधी अंथरूण चाचपायचो, कोरडं आहे ना म्हणून.

कुमुदला मी शाळा सुटल्यावर बंदराच्या वाटेवर गाठलं. बंदराच्या फार जवळ नाही, वखारीपाशीच.

"मी घाटातून एसटीनं आलो तर चालेल का?"

"वऱ्हाड होडीनं आणि नवरदेव एसटीनं?"

"मला होडी लागते."

"काहीतरीच. शिमग्यात मी तुम्हाला पलीकडे जत्रेला नेलं होतं. येताना होडीत बसून तुम्ही माझीसुद्धा भजी खाल्लीत." ती माझ्याकडे पाहत राहिली. "काय झालंय?"

तिला सांगावं असं फार वाटलं. पण आईनं बजावलं होतं: पत्रिकेतलं बाहेर एक अक्षर काढायचं नाही. अप्पांच्या कानावर गेलं की जावयाचं आयुष्य संपायच्या आधी लग्न संपेल.

"काही नाही," मी म्हणालो. "तुला भीती नाही वाटत? रोज दोनदा?"

"पाण्याची?" ती हसली. "पाण्याची नाही वाटत. होडीवाल्या हसनमियाच्या विडीची वाटते. ठिणग्या उडतात."

होडी सुटायची वेळ झाली म्हणून ती धावत गेली. मी वखारीच्या भिंतीआडून होडी पलीकडे टेकेपर्यंत पाहत राहिलो. तिची पत्रिका तिनं स्वतः कधी उघडूनही पाहिली नव्हती, आणि शनी-मंगळ त्या क्षणी तिच्याही डोक्यावर तिथंच होते. हा विचार धीर देणारा होता. धीर मात्र आला नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही बंदरावर पोचलो. वऱ्हाड म्हणजे आई, मामा-मामी, कचेरीतले चार-सहाजण आणि एक सनईवाला. भरती चढत होती. वारा होता. हसनमिया तांडेल होडीतलं पाणी करवंटीनं बाहेर फेकत होता.

"पाणी येतं का हो आत?" मी विचारलं.

"येतंय तेवढं काढतंय," तो म्हणाला. "बसा नवरदेव, गुमान."

मी पायरीवर पाऊल टाकलं आणि थांबलो. पाय पुढे जाईना. मागून आईनं माझा शेला गच्च धरला होता. ती पुढे ढकलत नव्हती आणि मागेही ओढत नव्हती, नुसती धरून उभी होती. आमच्या हेडक्लार्कनं घड्याळ पाहिलं. मामा म्हणाले, "अरे, चल की!" आणि मला वाटलं, आता मी वळणार. वळून घरी जाणार, दार लावून घेणार, आणि पुण्याच्या इंजिनिअरला सुखी राहा म्हणून सांगणार.

तेवढ्यात वर रस्त्याच्या बाजूला कुजबुज झाली. माणसं बाजूला सरली.

दाजीशास्त्री घैसास बंदराच्या उतारावरून खाली येत होते. धोतर, उपरणं, काखेत छत्री. खाडीकडे न बघता फक्त स्वतःच्या पायांकडे बघत ते एकेक पाऊल टाकत होते. बंदरावरच्या बायका मासळी निवडायच्या थांबल्या. हसनमियानं विडी तोंडातून काढली आणि पाण्यात टाकली.

"मी येतो बरोबर," दाजीशास्त्री माझ्यापाशी येऊन म्हणाले.

आईनं तोंडावर पदर दाबला. मृत्युयोग पाहिलेला ज्योतिषी वऱ्हाडाबरोबर यायला निघाला, याचा अर्थ तिला एकच लागत होता. मलाही तोच लागला. आतापर्यंत मला नुसती भीती वाटत होती, आता माझी खात्री पटली.

"शास्त्रीबुवा, तुम्ही कशाला?" मी विचारलं.

"बस," ते म्हणाले.

आणि मी बसलो. त्या एका शब्दात असं काही होतं की पाय आपोआप उचलला गेला. मी फळीवर बसलो, शेजारी ते बसले, आणि होडी काठापासून सुटायच्या आत त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याचं एक टोक माझ्या मनगटाला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या. गाठी चांगल्या आवळल्या. दातांनी ओढून.

सनईवाल्याचा सूर चुकला. लग्नाच्या दिवशी माझी पहिली गाठ अशी घैसासांशी पडली.

अर्धी खाडी नीट पार पडली. मग होडी आडोसा सोडून मोकळ्या पाण्यात आली आणि वाऱ्यानं तिला एका बाजूनं धरलं. फळी कलली. हिरवं पाणी काठावरून आत आलं, माझ्या जरीच्या जोड्यांवरून गेलं आणि पलीकडे जाऊन परत आलं. मामी किंचाळल्या. हसनमिया ओरडला, "हलू नका! कुणी हलू नका!" आणखी एक लाट आली ती मांडीपर्यंत भिजवून गेली. मी डोळे मिटले. माझ्या मनगटावर उपरण्याचा पीळ घट्ट झाला. दाजीशास्त्र्यांचा हात थंडगार होता आणि माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता. हे लक्षात आलं तेव्हा मी डोळे उघडले.

ते पाण्याकडे बघत होते. सरळ, पापणी न लवता.

"शास्त्रीबुवा, तुम्हाला पोहता येतं?" मी विचारलं.

"नाही."

"मलाही येत नाही."

"माहीत आहे."

"मग मला बांधून उपयोग काय?"

"उपयोगाचा विचार मी केलेला नाही," ते म्हणाले.

एक लाट आली आणि गेली. वल्ह्यांचा आवाज येत होता. मग ते बोलू लागले, हळू, जणू पत्रिकाच वाचत आहेत.

"तुझी आई म्हणाली ना, शेजारच्या खाटेवरची बाई. लाडू दिलेन म्हणाली. ती माझी बायको."

मी त्यांच्याकडे वळलो.

"तुमच्यात आधी कोण रडलं मला माहीत नाही. पत्रिकेला तेवढा फरक पडत नाही. तेच लग्न. तीच युती, आठव्यात. मी स्वतः मांडली, बारशाच्या आधी. ग्रंथात लिहिलंय, अष्टमातला शनी दीर्घायुष्य देतो. मंगळ दुबळा, तो शनीपुढे काय करणार? सगळ्यांना वाचून दाखवली. मुलगा शंभरी गाठणार म्हणालो." त्यांनी उपरण्याचं टोक चाचपलं. "आमचं घर काठावर. पोर चालायला लागलं तसं पाण्यात जाऊ लागलं. बायको ओरडायची, त्याला बोलवा, त्याला धरा. मी म्हणायचो, पत्रिका बघ त्याची. त्याला काही होत नाही."

होडी परत कलली. त्यांनी आवाज चढवला नाही.

"त्या दिवशीही ती ओरडली. मी ओसरीवर कुणाची तरी पत्रिका बघत होतो. नारळ घेतलेला होता. म्हटलं, एवढं सांगून होऊ दे, मग उठतो."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. माझ्या मागच्या फळीवर आई होती. तिनं हे ऐकलं होतं की नाही ते मला कळत नव्हतं. मग तिचा हात माझ्या खांद्यावरून पुढे आला आणि शास्त्रीबुवांच्या खांद्यावर टेकला. परक्या पुरुषाला तिनं हात लावल्याचं मी ना त्याआधी पाहिलं, ना त्यानंतर.

"त्यानंतर मी तीच युती उलटी वाचली," दाजीशास्त्री म्हणाले. "पाण्याची रास, पाण्यानं मरण. तेही ग्रंथात आहे. आणि मग एक दिवस तू ओसरीवर येऊन बसलास. त्याच पत्रिकेचा. एवढा मोठा झालेला. मिशा फुटलेला. आता कुठलं खरं मानू? मला वाचता येईना. मला काहीच वाचता येईना रे."

"मग आज कशाला आलात?"

"तेव्हा मी ओसरीवर होतो," ते म्हणाले. "म्हणून."

मी त्यांचा हात धरला. भीती गेली नव्हती. उलट आता ती दोघांची झाली होती, तिचं वजनही तेवढंच वाढलं होतं. पण ती दोघांनी उचललेली होती. हसनमियानं सुकाणू वळवलं, होडी पलीकडच्या आडोशाला आली आणि पाणी एकदम गुळगुळीत झालं, जसं काही त्याचं काही म्हणणंच नव्हतं.

तिवरखोलच्या धक्क्यावर अप्पा करमरकर रेशमी धोतर नेसून, शेजारी चौरंग आणि कलश मांडून उभे होते. ताशा वाजू लागला. मी उठलो आणि माझ्याबरोबर दाजीशास्त्री उठले. उठावंच लागलं त्यांना. उपरणं चिंब भिजलं होतं आणि गाठी अशा बसल्या होत्या की नखाला दाद देईनात.

"हे काय?" अप्पा म्हणाले.

"गाठ," मी म्हणालो.

"कापा ती."

"अहो, लग्नाच्या दिवशी गाठ कापतात का?" अप्पांच्या बहिणीनं त्यांना खडसावलं. "शहाणेच आहात!"

मामांनी ओढून पाहिली. हेडक्लार्कनं ओढून पाहिली. हसनमियानं दात लावले आणि नाद सोडला. मुहूर्त सरकत होता. शेवटी अप्पांनी चौरंगाच्या शेजारी एक पाट मांडायला लावला आणि आम्ही दोघं बसलो. अप्पांनी माझे पाय धुतले. मग क्षणभर विचार करून, माणूस वयानं मोठा आहे असं पाहून, दाजीशास्त्र्यांचेही धुतले. पाणी पायावर पडलं तसे शास्त्रीबुवा दचकले आणि त्यांचा झटका उपरण्यातून माझ्या हातापर्यंत आला. मीही दचकलो. अप्पांनी आमच्याकडे असं पाहिलं की पुण्याचा इंजिनिअर त्यांच्या डोळ्यांत मला स्वच्छ दिसला.

तेवढ्यात नवरीनं येऊ नये अशा ठिकाणी कुमुद आली. पिवळी साडी, कपाळाला मुंडावळ्या, आणि मागे तिला थोपवायला धावणाऱ्या दोन काकू.

"अगं, तू आत—"

"सरा बाजूला," ती म्हणाली. माझ्यापुढे गुडघे टेकून बसली आणि गाठ हातात घेतली. "ओढताय कशाला सगळे? ओली गाठ ओढून सुटत नाही. आतल्या बाजूला ढकलायची असते." तिनं ढकललं. रोज होडीची दोरी बघणाऱ्या बोटांना ती गाठ ओळखीची असावी. आधी माझी सुटली, मग शास्त्रीबुवांची.

तिनं भिजलेलं उपरणं पिळलं, घडी केली आणि त्यांच्या हातात दिलं. मग मला हळूच म्हणाली, "होडी लागत नाही म्हटलं ना मी." आणि निघून गेली.

दाजीशास्त्री पाटावरून उठले नाहीत. ते खाडीकडे पाहत होते, नंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या पहिल्या दिवसासारखंच. तोंडाकडे, हातांकडे, पायांकडे. माझे पाय ओले होते, पण दगडावर होते.

"नारळ आणलायस?" त्यांनी विचारलं.

आई पुढे झाली. तोच नारळ होता. तिनं तो का आणला होता हे तिलाही सांगता आलं नसतं. शास्त्रीबुवांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि मांडीवर ठेवला.

"आता सांगा," मी म्हणालो. "युती काय म्हणते?"

त्यांनी विचार केला. "एकदम नाही सांगता येत," ते म्हणाले. "वर्षावर्षानं सांगेन."

तेव्हापासून दरवर्षी दिवाळीत, माझ्या वाढदिवसाला, मी आणि कुमुद टेकडीवर जायचो. ते नारळ देवापुढे ठेवायचे, डिंकाचे लाडू काढायचे, पत्रिका उलगडायचे आणि आठव्या घरावर बोट ठेवायचे. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणायचे, "आहेस." एवढंच भविष्य. ते एकदाही चुकलं नाही.

दाजीशास्त्री जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. शनी आणखी एक फेरी मारून कर्केत येऊन गेला, मंगळ किती वेळा आला मी मोजलं नाही. पूल झाला. दिवाळीत तो दिवस आला की मी अजूनही एक नारळ आणून ओट्यावर ठेवतो आणि कुमुदसमोर जाऊन उभा राहतो. ती हातातलं काम थांबवते. पत्रिका कुठं ठेवलीय तेही तिला माहीत नसतं. ती चष्मा वर सरकवते, माझ्याकडे नीट बघते, आधी तोंडाकडे, मग हातांकडे, मग पायांकडे.

"आहात," ती म्हणते, आणि नारळ फोडायला घेते.